सुट्टी झाली, आता पुढे काय? : गंभीर कोविडनंतर पुन्हा उभं राहणाऱ्यांसाठी, नागपुरातून

आमच्याकडे दवाखान्यातून घरी सोडलं की 'सुट्टी झाली' म्हणतात. एप्रिल २०२१ मध्ये, जिल्ह्यात रोज सात-सात हजार रुग्ण निघत होते त्या दिवसांत, मी १९ दिवस दवाखान्यात होतो. त्यातले ११ आयसीयूत, बायपॅपवर, म्हणजे मास्कमधून श्वासाला जोर देणाऱ्या यंत्रावर. बायकोनं सगळ्या नातेवाइकांना फोन केले, "सुट्टी झाली, घरी आणतोय." मलाही वाटलं, संपलं एकदाचं.

मानेवाड्याला आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. ४२ पायऱ्या. त्या चढायला मला २५ मिनिटं लागली. धाकटा भाऊ मागून प्लास्टिकची खुर्ची घेऊन येत होता. प्रत्येक वळणावर तो ती टेकवायचा, मी बसायचो, आणि तो म्हणायचा, "घाई काहून करून राहिला दादा, वर काय गाडी सुटते का?" वर पोचल्यावर कळलं की दवाखान्यानं आजार काढला होता, पण अंगातली ताकद, दम आणि झोप परत आणायचं काम कुणाच्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं. डिस्चार्ज कार्डावर एवढंच होतं : 'विश्रांती, सात दिवसांनी दाखवणे.'

त्या कामाला पुनर्वसन म्हणतात, हा शब्द मला दीड महिन्यानं कळला. तोवर मी बऱ्याच चुका करून बसलो होतो. तुमच्या घरात कुणी अशा अवस्थेत असेल, कोविडनं असो की दुसऱ्या कुठल्या जबर न्यूमोनियानं, तर हा लेख त्यांच्यासाठी आहे. मी डॉक्टर नाही, हिशेब लिहिणारा माणूस आहे. त्यामुळे औषधं सांगणार नाही. काय कोणत्या क्रमानं करायचं आणि कुठं पाय घसरतो, तेवढं सांगतो.

आधी हे ठरवा : तुम्ही कोणत्या नावेत आहात?

हे मला कुणी सांगितलं नाही, म्हणून पहिल्यांदा सांगतो. दोन वेगळ्या नावा आहेत आणि त्यांची वल्ही वेगळी आहेत.

पहिली नाव माझी. आयसीयू किंवा ऑक्सिजनवर राहून आलेले. फुप्फुसाला मार बसलेला, अंथरुणावर पडून पडून मांड्या-पोटऱ्यांचं मांस गेलेलं. माझं वजन ९ किलो उतरलं होतं, आणि ती चरबी नव्हती. अशा माणसाला हळूहळू, मोजून वाढवलेल्या व्यायामाचा फायदा होतो.

दुसरी नाव माझ्या वहिनीची. तिला दवाखान्यात जावंही लागलं नाही. पाच दिवस ताप, ऑक्सिजन कायम ९७. पण तीन महिने झाले तरी पोळ्या लाटल्या की आडवं व्हावं लागायचं, शब्द आठवायचे नाहीत, उभं राहिलं की छाती धडधडायची. तपासण्या मात्र सगळ्या नॉर्मल. जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर २०२१ मध्ये या अवस्थेची व्याख्या केली : आजार सुरू झाल्यापासून साधारण तीन महिन्यांनी असलेली, किमान दोन महिने टिकलेली आणि दुसऱ्या कुठल्या कारणानं उलगडा न होणारी लक्षणं. लोक याला लाँग कोविड म्हणतात. घरचे याला 'नाटकं' म्हणतात. आम्हीही म्हटलं होतं, त्याची लाज अजून वाटते.

वहिनीला माझ्यासारखा व्यायाम वाढवायला लावला आणि ती आणखी खचली. म्हणून आपली नाव ओळखा. एका माणसाचे दोन्ही पाय दोन नावांतही असू शकतात. तेव्हा दुसऱ्या नावेचे नियम आधी पाळा.

पायरी १ : फाइल लावा

नागपुरात कुठेही गेलात तरी पहिला प्रश्न 'जुने कागद?' हाच. एक जाड फाइल घ्या आणि तारखेप्रमाणे लावा :

- डिस्चार्ज कार्ड (मूळ प्रत घरी, झेरॉक्स फाइलमध्ये)
- छातीचा सिटीस्कॅन : नुसता रिपोर्ट नाही, फिल्म किंवा सीडीसुद्धा
- रक्ताचे सगळे रिपोर्ट, विशेषतः साखर, सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी तपासणी), डी-डायमर (रक्ताच्या गाठींचा अंदाज देणारी)
- आयसीयूत किती दिवस, व्हेंटिलेटर की बायपॅप, स्टेरॉइड कोणतं आणि किती दिवस, हे एका कागदावर
- आता चालू असलेल्या गोळ्यांची यादी, पाकिटांसकट
- आधार कार्ड, रेशन कार्ड, विमा असेल तर पॉलिसीची प्रत
- मोबाइलवर आभा क्रमांक, म्हणजे सरकारी आरोग्य ओळख क्रमांक. बऱ्याच सरकारी ओपीडीत क्यूआर कोड स्कॅन केला की केसपेपरच्या रांगेत उभं राहणं वाचतं

डिस्चार्ज कार्डावर स्टेरॉइडचा तपशील नसेल तर दवाखान्याच्या रेकॉर्ड विभागातून लेखी मागून घ्या. मी आळस केला. सहा महिन्यांनी डाव्या जांघेत दुखायला लागलं तेव्हा हाडांच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला. स्टेरॉइडनंतर काहींच्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो आणि दुखणं काही महिन्यांनी उगवतं. माझ्या एमआरआयमध्ये ते निघालं नाही, सुदैवानं. पण तोवर महिनाभर मी तिळाच्या तेलानं मालिश करून घेत होतो.

पायरी २ : घरी बसायचं नाही, अशी लक्षणं

यांच्यापैकी काही दिसलं तर पुनर्वसन वगैरे बाजूला. १०८ ला फोन करा किंवा सरळ कॅज्युअल्टीत जा.

बसल्या जागी ऑक्सिजन ९२ च्या खाली जाणं. छातीत दाब किंवा कळ. अचानक वाढलेला दम. थुंकीत रक्त. एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं (रक्ताची गाठ असू शकते). चक्कर येऊन पडणं. एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोबडी वळणं. आणि स्टेरॉइड घेतलेल्या, साखर वाढलेल्या माणसाचा अर्धा चेहरा दुखणं, डोळा सुजणं, नाकातून काळपट स्राव येणं. २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसनं, म्हणजे काळ्या बुरशीनं, नागपुरात किती जणांचे डोळे गेले ते ज्यांनी पाहिलं त्यांना जास्त सांगायला नको.

स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर स्वतःच्या मनानं एकदम बंद करू नका. त्या उतरवत आणाव्या लागतात. आणि आधी मधुमेह नसला तरी त्या काळात साखर तपासत राहा.

पायरी ३ : दाखवायचं कुठे?

सुरुवात छातीच्या डॉक्टरांपासून. सरकारी दवाखान्यात याला श्वसनरोग विभाग म्हणतात आणि लोक सर्रास टीबी विभाग म्हणतात. 'टीबीत जा' असं कुणी सांगितलं तर दचकू नका, छातीचे सगळे आजार तिथेच पाहतात.

नागपुरात सरकारी पर्याय तीन. मेडिकल, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. मेयो, म्हणजे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. आणि मिहानमधलं एम्स. मेडिकलला फिजिओथेरपीचं शिक्षणही चालतं, त्यामुळे शिकणारी मुलं-मुली असतात. त्याचा मला फायदाच झाला, कारण मोठ्या डॉक्टरांना वेळ नसतो, पण तिसऱ्या वर्षाची मुलगी पाऊण तास बसून श्वास कसा सोडायचा ते दाखवते. एम्सला पुनर्वसनाचा स्वतंत्र विभाग आहे आणि ओपीडीची वेळ ऑनलाइन घेता येते. जायला ऑरेंज लाइन मेट्रोनं खापरीपर्यंत आणि पुढे ऑटो. दम लागणाऱ्या माणसाला घेऊन जाताना ऑटोवाल्याला ओपीडीच्या दारापर्यंत न्यायला सांगा. तो परिसर मोठा आहे, फाटकापासून चालत गेलात तर दिवसाचा सगळा दम तिथेच खर्च होतो.

खासगीत जायचं तर धंतोली-रामदासपेठेतले दवाखाने आहेतच. एकच सांगतो : '२१ दिवसांत फुप्फुस नवं' अशा पॅकेजच्या नादी लागू नका. मी लागलो. आगाऊ पैसे भरले, पहिल्या दिवशी ना ऑक्सिजन मोजला ना जुने कागद पाहिले, सरळ ट्रेडमिलवर उभं केलं. चौथ्या मिनिटाला डोळ्यांपुढे अंधारी आली. उरलेले पैसे परत मिळाले नाहीत. पहिल्या भेटीत जो फाइल उघडत नाही, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये.

डॉक्टर साधारण या तपासण्या सांगतात, आधी नाव माहीत असलं की घाबरायला होत नाही. फुंकायची चाचणी, म्हणजे पीएफटी. गरज वाटली तर पुन्हा सिटीस्कॅन. पण दर महिन्याला नाही, स्वतःच्या मनानं करून घेऊ नका. हृदयाचा इको. आणि सहा मिनिटं चालण्याची चाचणी. तिला पैसे जवळपास लागत नाहीत, पण माझ्या मते सगळ्यांत कामाची तीच. सरळ, साधारण ३० मीटरच्या व्हरांड्यात सहा मिनिटं तुमच्या चालीनं चालायचं. किती मीटर झाले, ऑक्सिजन कितीवर आला, दम किती लागला, हे लिहितात. माझा पहिला आकडा २१० मीटर. मधे दोनदा भिंतीला टेकलो होतो. थांबलेलं चालतं, घड्याळ मात्र चालू राहतं. त्या दिवशी बूट घालून जा. मी चपलेवर गेलो आणि अर्धं लक्ष चपलेत होतं.

पायरी ४ : वही

सगळ्या लेखात एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. शंभर पानी वही, सात रकाने :

तारीख | बसून ऑक्सिजन व नाडी | काय केलं | केल्यावर ऑक्सिजन व नाडी | दम (० ते १०) | झोप | दुसऱ्या दिवशी कसं वाटलं

दमाचा आकडा असा : ० म्हणजे अजिबात नाही, ३ म्हणजे जाणवतो पण वाक्य पुरं बोलता येतं, ५ म्हणजे चांगलाच, १० म्हणजे याच्यापुढे नाहीच. सुरुवातीला ३-४ च्या वर जायचं नाही. आकडा देता येत नसेल तर बोलून बघा. चालता चालता बायकोला 'आज भाजी काय?' एवढं एका दमात विचारता आलं पाहिजे.

ऑक्सिमीटरचंही एक तंत्र आहे. पाच मिनिटं शांत बसा, बोट कोमट असू द्या, नखाला नेलपॉलिश किंवा गडद मेंदी नको, आणि आकडा स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबा. लावल्या लावल्या दिसणारा ८९ बघून आमच्या घरी दोनदा रडारड झाली. मिनिटानं तोच ९५ झाला. उलट चूक जास्त घातक. लोक फक्त बसून मोजतात. बसून ९६ असतो, आणि संडासपर्यंत जाऊन आलं की ९० होतो. म्हणून हालचालीनंतर मोजणं महत्त्वाचं. चालल्यावर ४ किंवा जास्त आकड्यांनी पडत असेल तर पुढच्या भेटीपर्यंत थांबू नका, डॉक्टरांना कळवा. मला दिलेली मर्यादा अशी होती : चालताना ८८ ला पोचलं की जिथं असाल तिथं थांबायचं. तुमची मर्यादा तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवा.

आता शेवटच्या रकान्याचं. मी हिशेबातला माणूस, मला जमा-खर्च कळतो. महिनाभराची वही पाहिली आणि कोडं सुटलं. ज्या ज्या दिवशी 'आज एकदम छान' लिहिलं होतं, त्या दिवशी मी काहीतरी जास्त केलं होतं. बर्डीच्या बाजारात जाऊन आलो, पाहुण्यांशी तीन तास बोललो, कूलरची टाकी भरली. आणि त्यापुढचे दोन दिवस 'पडून' लिहिलेलं. वाईट दिवशी माणूस आपोआप सांभाळून राहतो. खड्ड्यात नेतो तो चांगला दिवस. त्यानंतर मी चांगल्या दिवशी जेवढं जमेल असं वाटे त्याच्या निम्मंच करायला लागलो, आणि तिथून तब्येत खरी सुधारायला लागली.

पायरी ५ : श्वास

दम लागला की माणूस छातीनं, वरवर, भराभर श्वास घेतो आणि त्यानं दम वाढतो. तीन गोष्टी शिकून घ्या, शक्यतो फिजिओथेरपिस्टसमोर.

ओठ आवळून श्वास : नाकानं घ्या, दिव्याची ज्योत न विझवता हलवायची असेल तसं ओठांतून हळू सोडा. घ्यायला दोन मोजले तर सोडायला चार. जोर नाही.

पोटानं श्वास : उताणं पडून एक हात छातीवर, एक पोटावर. पोटावरचा हात वर यायला हवा.

दम उतरवायची बसण्याची पद्धत : खुर्चीत पुढे वाकून कोपर मांडीवर किंवा टेबलावर टेका, खांदे सैल सोडा. बाहेर असाल तर भिंतीला किंवा उभ्या स्कूटरच्या सीटला टेका. फुटाळा तलावाच्या कठड्याला मी असा टेकून उभा असलो की लोक विचारायचे, "काका, बरं वाटून नाही राहिलं का?" त्यांना 'हो, बरंच वाटतंय' म्हणायला सुद्धा आधी श्वास पुरा सोडावा लागे.

तीन गोळ्यांचं स्पायरोमीटर प्रत्येकाच्या घरी आहे. खोल श्वासाची आठवण म्हणून ते ठीक. पण त्यात हवा ओढायची असते, फुंकायची नाही. निम्मे लोक उलटं करतात. तिन्ही गोळ्या वर गेल्या म्हणून फुप्फुस बरं झालं असंही नाही. फुगे फुगवायला सांगणारे भेटतील, त्यांना नमस्कार करा. फुप्फुस नाजूक असताना जोरात फुंकणं बरं नाही. कपालभाती-भस्त्रिकासारखे झटक्याचे प्रकारही सुरुवातीचे काही महिने नकोत. श्वास न रोखता अनुलोम-विलोम डॉक्टरांना विचारून चालतो. पालथं झोपण्याचा उपयोग आजार जोरात असताना ऑक्सिजन वाढवायला झाला. महिन्यांनंतरही जबरदस्तीनं पालथं झोपायची गरज नाही.

पायरी ६ : चालणं, ताकद आणि त्या ४२ पायऱ्या (पहिल्या नावेसाठी)

जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकेत हालचालीकडे परतण्याचे पाच टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्यावर किमान सात दिवस थांबायला सांगितलंय. नागपुरी उन्हाळ्यात मी त्याचं असं केलं.

मे महिन्यात बाहेर चालणं विसरा. ४४-४५ अंशांत धडधाकट माणूस घेरी येऊन पडतो. दिवाणखान्याच्या दारापासून स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत मी टेपनं मोजलं, नऊ मीटर. पहिल्या आठवड्यात दिवसातून चार वेळा, प्रत्येक वेळी चार फेऱ्या. घर बंद करून कूलर लावू नका. खिडकी उघडी हवी, नाहीतर दमट हवेत कोंडल्यासारखं होतं. कूलरचं पाणी रोज बदला आणि गवताच्या जाळ्या या वर्षी नव्या घ्या. बुरशी लागलेल्या जाळ्यांतून येणारी हवा दुखऱ्या छातीला नकोच.

पाऊस आल्यावर पहाटे साडेपाचला गल्लीत, मग अंबाझरीच्या बागेत. बाक कुठं कुठं आहेत ते आधी बघून ठेवा. मी एका बाकापासून दुसऱ्या बाकापर्यंत असंच अंतर मोजायचो. हिवाळ्यात मात्र पहाट सोडा. पालापाचोळा जाळल्याचा धूर खाली बसलेला असतो, ऊन वर आल्यावर निघा.

चालण्याइतकंच महत्त्वाचं खुर्चीवरून उठणं-बसणं. भिंतीला लावलेली, हात नसलेली खुर्ची, हात छातीवर, पाच वेळा उठा-बसा, मग विश्रांती. मला पहिल्या दिवशी दोन जमले. भारतीय संडास असेल तर कमोडची खुर्ची ठेवा; उकिडवं बसून उठताना मी दोनदा कोसळता कोसळता वाचलो. आंघोळ प्लास्टिकच्या स्टुलावर बसून, कोमट पाण्यानं, दार आतून कडी न लावता.

पायऱ्या : पाऊल उचलताना श्वास सोडायचा, दोन्ही पाय एका पायरीवर आणायचे, मग पुढची. कठडा धरायचा. सात पायऱ्यांनंतर थांबायचंच, दम लागो न लागो. थांबायचं आधी ठरवलेलं असलं की घाबरून थांबावं लागत नाही, हा त्यातला मुद्दा. दिवसातून एकदाच उतरा आणि सगळी कामं त्याच फेरीत करा. दुसऱ्या महिन्यात खुर्ची सुटली, चौथ्यात वळणावरचा मुक्काम. खुर्ची मग पहिल्या मजल्यावरच्या काकूंकडे गेली, त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं.

पाऊल लुळं पडून पंजा घासत असेल, हाताची पकड गेली असेल, तर तो नुसता अशक्तपणा नाही. आयसीयूत खूप दिवस राहिल्यावर नसांना आणि स्नायूंना इजा होऊ शकते. न्यूरो आणि फिजिओ दोघांना दाखवा.

पायरी ७ : दुसऱ्या नावेसाठी

खूण ही : काम करताना ठीक वाटतं, आणि काही तासांनी किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग पार कोसळतं. मग आठवडाभर तसंच. असं होत असेल तर 'रोज थोडं वाढवा' हा सल्ला तुमच्यासाठी नाही, कुणीही दिला तरी.

इथं पगार ठरलेला आहे असं समजा. जेवढी शक्ती आज मिळाली, त्यातली थोडी संध्याकाळी शिल्लक राहिली पाहिजे. वहिनीनं जे केलं ते सांगतो. कणीक स्टुलावर बसून मळायची. पोळ्या दोन हप्त्यांत, मधे २० मिनिटं आडवं. कपडे तिच्या नवऱ्यानं वाळत घालायचे, कायमचे. फोनवर बोलणं आणि टीव्ही हेही काम म्हणून वहीत लिहायचं, कारण डोक्याचं काम अंगालाही थकवतं. उभं राहिल्यावर धडधड होते म्हणून उठताना आधी कुशीवर, मग बसून दोन मिनिटं, मग उभं. पाणी-मीठ किती ते डॉक्टरांना विचारून, कारण रक्तदाब असेल तर मीठ नडतं. पडून आणि मग उभं राहून नाडी मोजलेली डॉक्टरांना दाखवली, तेव्हा कुठे त्यांनी ते मनावर घेतलं. तोवर तिला झोपेच्या गोळ्याच मिळत होत्या.

तिला तीन सणांना स्वयंपाकघराबाहेर बसवलं. पोळा सणाच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक बघायला महाल भागात जाण्याचा हट्ट तिनं एकदा पुरा केला. गर्दीत पोरं 'घेऊन जा गे मारबत' ओरडत होती, ती कौतुकानं तासभर उभी राहिली, आणि पुढचे सहा दिवस अंथरुणात. दुसऱ्या वर्षी ओळखीच्यांच्या गॅलरीत खुर्ची टाकून बघितलं. काही झालं नाही.

पायरी ८ : घरी ऑक्सिजन लागत असेल तर

थोडक्यात. किती लिटर, किती तास, आणि बसताना, चालताना, झोपताना वेगवेगळं किती, हे लेखी घ्या. ऑक्सिजन हे औषध आहे. 'असू दे थोडा जास्त' चालत नाही, आणि नळी लावून ९७ दिसला म्हणून काढून टाकायचाही नसतो. कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र, भाड्यानं मिळतो, पण वीज गेल्यावर काय, हे पहिल्या दिवशी ठरवा : इन्व्हर्टर तो ओढतो का, की जवळ भरलेला सिलिंडर ठेवायचा. त्या खोलीत देवघर असेल तर हलवा. समई, उदबत्ती, विडी, गॅस यांपैकी काही जवळ नको. आईनं देवघर हलवायला दोन दिवस घेतले, पण हलवलं.

पायरी ९ : जेवण, वास, आवाज, मन

मांस परत यायला प्रथिनं लागतात. मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर आहारतज्ज्ञ वजनाच्या दर किलोला साधारण १.२ ते १.५ ग्रॅम सांगतात. ६० किलोच्या माणसाला ७० ते ९० ग्रॅम. नुसत्या वरण-भातानं ते गाठत नाही. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, ५० ग्रॅम सोयाबीन वड्यांत २५ च्या आसपास. त्यात दही, शेंगदाणे, भिजवलेले चणे, झुणका, पातोडी. थोडं थोडं सहा वेळा. भरलेलं पोट दम वाढवतं. सावजी रस्सा तेवढा थांबवा. आम्लपित्त वर आलं की खोकला थांबत नाही, हे मी तर्रीपोह्यावर ताव मारून शिकलो.

वास गेला असेल तर सकाळ-संध्याकाळ चार वास : लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी. प्रत्येकी २० सेकंद, लक्ष लावून, किमान तीन महिने. निलगिरीच्या जागी मी संत्र्याची साल घेतली. पाचव्या महिन्यात एका सकाळी तिचा वास आला.

आयसीयूत घशात नळी घातली होती त्यांचा आवाज घोगरा राहिला, किंवा पाणी पिताना ठसका लागत असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. ठसक्यानं अन्न फुप्फुसात जाऊन पुन्हा न्यूमोनिया होतो. केस दोन-तीन महिन्यांनी मूठभर गळतात, ते येतात परत.

रात्री मॉनिटरचा बीप-बीप ऐकू येणं, शेजारच्या बेडवरचा माणूस आठवणं, झोपायची भीती वाटणं, हे माझ्या बाबतीत वर्षभर चाललं. मी कुणाला सांगितलं नाही. तुम्ही सांगा. मनाच्या त्रासासाठी असलेला टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

पायरी १० : पैसे आणि कामावर परतणं

विम्यात दवाखान्यानंतरचा खर्च साधारण ६० दिवसांपर्यंत धरतात, काही पॉलिसींत जास्त. पण फिजिओथेरपीचं बिल तेव्हाच धरतात, जेव्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'फिजिओथेरपी, इतके दिवस' असं लिहिलेलं असतं. माझ्या चिठ्ठीवर ते नव्हतं, दावा नामंजूर. सुट्टीच्या दिवशीच लिहून घ्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा, किंवा १५५३८८ वर.

कामावर जाताना फिटनेस सर्टिफिकेटवर 'पूर्णवेळ' लिहून घेण्याची घाई करू नका. पहिले चार आठवडे अर्धा दिवस, जड उचलणं नाही, मधे बसायला जागा, हे त्यावर डॉक्टर लिहून देतात. मी फुशारकीनं पूर्णवेळ रुजू झालो आणि पहिल्याच महिन्यात खतावणीत ५४ चे ४५ करून ठेवले. दोन वेळा. मग सकाळी आकड्यांचं काम, दुपारनंतर फक्त फाइली, अशी वाटणी साहेबांकडून मागून घेतली.

सहा मिनिटांची चाचणी दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करून घ्या, शक्यतो त्याच व्हरांड्यात. माझे आकडे २१०, ३३०, ४१५ आणि अकराव्या महिन्यात ४८०. दर वेळचा कागद फाइलीत सगळ्यांत वर लावा. नवा डॉक्टर भेटला की तो आधी तोच बघतो.